हौदांतील पाणी कोठें जातें?



गळकें भांडें चुलीवर ठेवलें तर तें आपला दोष लागलींच सांगतें. विस्तव चरचरतो आणि आईच्या लक्षांत येतें. परंतु जमिनींत बांधलेला हौद गळूं लागला म्हणजे तो कांहींच बोलत नाहीं. पाणी मुकाट्यानें मातींत जिरतें, वरून पाहणारास फक्त पातळी उतरलेली दिसते, आणि मग जो तो आपापल्या तर्काप्रमाणें कारण सांगूं लागतो. कोणी म्हणतो ऊन कडक आहे, कोणी म्हणतो बांधकाम कच्चें आहे. अशा वेळीं खरें कारण कसें ठरवावें, हें एका प्रत्यक्ष उदाहरणावरून सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

अलिबागच्या बाजूस माझ्या एका स्नेह्यांचें घर आहे. घरामागें पोहण्याचा हौद आहे. त्याची लांबी ८ मीटर, रुंदी ४ मीटर व पाण्याची खोली दीड मीटर. गेल्या मे महिन्यांत मी तेथें गेलों, तेव्हां घरांत मोठी काळजी पसरली होती. हौद रोज सुमारें तीन बोटें उतरत होता, आणि तो भरण्याकरितां विहिरीवरचा पंप रोज चालवावा लागत होता. त्याच विहिरीवर शेजारचीं चार घरें पाणी भरीत. विहिरीनें तळ गांठला होता, आणि शेजाऱ्यांच्या रिकाम्या घागरी पाहून यजमानांस संकोच वाटे.

गवंडी येऊन पाहून गेला होता. तळाच्या फरशांत एक लांब भेग सर्वांस दिसत होती. हौद रिकामा करून सगळा तळ उखडावा व नवा घालावा, असें त्याचें मत पडलें. काम महिनाभराचें व खर्च मोठा. यजमान होकार देण्याच्या बेतांत होते. तेव्हां मीं त्यांस म्हटलें, "तळ फोडावयाचा तर केव्हांही फोडतां येईल, आधीं पंधरा दिवस मोजून पाहूं." त्यांच्या नववींत शिकणाऱ्या कन्येनें लगेच एक वही आणिली, आणि आमचें काम सुरू झालें.

पहिला प्रश्न : पाणी गळतें कीं आटतें?

उघड्या पाण्याची वाफ सतत होत असते. हवा जितकी कोरडी व वारा जितका जोराचा, तितकी वाफ अधिक, हें इंग्रज शास्त्रज्ञ जॉन डाल्टन यानें १८०२ सालीं दाखवून दिलें. म्हणून उतरलेलें सगळें पाणी गळलें असें मानणें चूक होय. वाफेचा वांटा वेगळा काढण्याची युक्ति अगदीं सोपी आहे. एक बादली घ्यावी, तींत हौदाचेंच पाणी भरावें, ती तरंगूं नये म्हणून आंत दोन दगड टाकावे, आणि ती हौदाच्या पायरीवर अशी ठेवावी कीं बाहेरचें व आंतलें पाणी एकाच पातळींत राहील. दोन्ही पातळ्यांवर खूण करावी व चोवीस तासांनीं मोजावें. ऊन, वारा व हवा दोघांसही सारखींच. म्हणून बादली जितकी उतरेल तितकी वाफ, आणि हौद त्याहून जितका अधिक उतरेल तितकी गळती. त्या दिवशीं हौदांत कोणीं उतरूं नये, व पाऊस पडल्यास मोजणी पुन्हां करावी.

आमच्या मोजणींत बादली ७ मिलिमीटर उतरली आणि हौद ५१ मिलिमीटर. म्हणजे गळती ४४ मिलिमीटर. हौदाचें क्षेत्रफळ ३२ चौरस मीटर. त्यावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे ३२ लिटर. तेव्हां रोजची गळती ३२ × ४४ = १,४०८ लिटर झाली. खेड्यांत घरोघर नळानें पाणी पोंचविण्याच्या, २०१९ सालीं सुरू झालेल्या सरकारी योजनेंत दर माणशीं दररोज ५५ लिटर पाणी धरिलें आहे. त्या मानानें पाहतां, पंचवीस माणसांचें पाणी रोज मातींत जात होतें! हा आंकडा वहींत उमटला तेव्हां घरांतील थट्टामस्करी एकदम थांबली.

दुसरा प्रश्न : दोष नळांत कीं हौदांत?

पोहण्याच्या हौदांतील पाणी पंपानें ओढून, गाळून, पुन्हां हौदांत सोडतात. हे नळ जमिनींत पुरलेले असतात व तेही गळतात. पंप चालू असतां गळती वाढली, तर गाळलेलें पाणी परत नेणाऱ्या नळावर संशय घ्यावा. कारण पंपाचा दाब त्या नळावर पडतो. पंप बंद असतां गळती वाढली, तर पाणी ओढणाऱ्या नळाकडे पाहावें. पंप चालू असतां त्या नळाच्या फटींतून पाणी बाहेर जाण्याऐवजीं हवाच आंत ओढली जाते, आणि परत येणाऱ्या पाण्यांत बुडबुडे दिसतात.

आमची पहिली मोजणी पंप चालू ठेवून केली होती. मग खुणेपर्यंत पाणी भरून पंप बंद ठेवला व दुसरी मोजणी केली. हौद पुन्हां ५१ मिलिमीटरच उतरला. नळ निर्दोष ठरले. गवंडी त्या दिवशीं आला होता. वही पाहून तो हंसून म्हणाला, "ताई, आंकड्यांनीं भेग बुजत नसते." मुलीनें उत्तर दिलें, "मिस्त्रीकाका, बुजवायची भेग कोणती, तें तरी आंकडे सांगतील."

तिसरा प्रश्न : दोष किती खोलीवर?

येथें एका जुन्या शोधाचा आम्हांस उपयोग झाला. इटलींतील तॉरिचेल्ली या शास्त्रज्ञानें १६४४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असा नियम सांगितला आहे कीं, भोंकांतून निघणाऱ्या पाण्याचा वेग हा भोंकावर किती उंच पाणी उभें आहे त्याच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत असतो. पाण्याची उंची चौपट झाली तर वेग दुप्पट होतो. उंची चौथाई झाली तर वेग निम्मा होतो. आणि पातळी भोंकापर्यंत उतरली कीं गळती थांबते. अर्थात् हौदास आपोआप उतरूं दिलें, तर ज्या पातळीवर तो थांबेल तीच दोषाची पातळी. पाणी कोठेंच थांबलें नाहीं, तर दोष तळाशीं समजावा.

म्हणून आम्हीं हौद भरणें बंद केलें. पंपही बंदच ठेविला. डांस व शेवाळ होऊं नये याकरितां यजमान रोज संध्याकाळीं क्लोरीन मोजून टाकीत व पाणी बांबूनें ढवळीत. हौद उतरेल तशी बादली खालच्या पायरीवर ठेवून तींतील पाणी बाहेरच्या पातळीस आणावयाचें, आणि रोज सकाळीं सात वाजतां मोजावयाचें, असा क्रम होता. बादली रोज ७ मिलिमीटर उतरे. हौद पहिल्या दिवशीं ५१ मिलिमीटर उतरला, चौथ्या दिवशीं ४०, सातव्या दिवशीं २९, नवव्या दिवशीं २१, आणि बाराव्या दिवशीं ७! बादली व हौद आतां बरोबरीनें चालूं लागले. म्हणजे गळती थांबली. त्या वेळीं पाणी पहिल्या खुणेच्या सुमारें ३५ सेंटिमीटर खालीं होतें.

सातव्या दिवसाचा आंकडा पाहण्यासारखा आहे. २९ मधून ७ वजा केल्यास गळती २२ उरते, ती पहिल्या दिवसाच्या ४४ च्या बरोबर निम्मी. आणि त्या दिवशीं दोषाच्या वर पाण्याची उंची सुमारें चौथाईच उरली होती. पावणेचारशें वर्षांपूर्वींचा नियम एका घरच्या हौदानें असा खरा करून दाखविला.

आतां तळावरील ती भेग आठवा. तळाच्या भेगेंतून पाणी जात असतें, तर एक मीटरहून अधिक पाणी उभें असतां गळती थांबली नसती. म्हणजे जी भेग सर्वांस दिसत होती, ती निर्दोष होती! वरचा कचरा ओढून घेणारें तोंड व गाळलेलें पाणी परत येणारीं तोंडें, हीं सर्व पातळी उतरतांच उघडीं पडलीं होतीं, तरी गळती चालूच राहिली. म्हणून तींही सुटलीं. थांबलेल्या पातळीवर भिंतींत एकच वस्तु होती : पाण्यांतील दिव्याचा कोनाडा.

चौथा प्रश्न : नेमकें भोंक कोठें?

प्रथम वीजतंत्र्यास बोलावून दिव्याची वीज मुख्य फळीवरूनच तोडविली. पाण्यांत हात घालण्यापूर्वीं हें केलेंच पाहिजे. नंतर हौदांत पांच सेंटिमीटर पाणी भरून तें स्थिर होऊं दिलें. सुई नसलेल्या पिचकारींत खाण्याचा रंग घेऊन त्याचे थेंब कोनाड्यापाशीं हळूच सोडले. निर्दोष जागीं रंग ढगासारखा तरंगत राहतो. गळक्या जागीं तो दोऱ्यासारखा ओढला जातो. दिव्याची तार ज्या नळींतून भिंतींत शिरते, तिच्या तोंडाशीं लाल रंगाचा बारीक धागा सरळ आंत गेला. तारेभोवतीं भरलेलें जुनें लुकण सुकून सुटलें होतें, आणि त्या वाटेनें पाणी भिंतीमागच्या मातींत जात होतें.

दुरुस्ती एका सकाळची. दिवा बाहेर काढून नळीचें तोंड घांसून स्वच्छ केलें, आणि पाण्यांतही घट्ट होणारें एपॉक्सीचें लुकण तारेभोवतीं दाबून भरलें. हें काम त्या गवंड्यानेंच वीजतंत्र्याबरोबर केलें, व फार नेटकें केलें. मग पाणी नळीच्या तोंडावर दहा सेंटिमीटर येईल इतकेंच भरून बादलीची परीक्षा पुन्हां घेतली. बादली ७, हौद ७. दुरुस्ती झाली असें म्हणण्याचा हक्क या दुसऱ्या परीक्षेनंतरच मिळतो. उरलेला हौद विहिरीनें भरावयाचा नाहीं, पावसानेंच भरूं द्यावयाचा, असें यजमानांनीं ठरविलें, आणि विहीर शेजाऱ्यांकरितां मोकळी झाली.

खरीच भेग असेल तर काय करावें? भेग छिन्नीनें रुंद करावी, धूळ काढून ओली करावी, लवकर घट्ट होणारें जलरोधक सिमेंट दाबून भरावें, आणि तें कांहीं दिवस ओलें ठेवावें. भेगेवर नुसता रंग किंवा पातळ गिलावा फांसणें म्हणजे जखम न धुतां पट्टी बांधणें होय.

हौद रिकामा करण्याचा धोका

तळ फोडण्याचा बेत तसाच पार पडता, तर केवळ पैसाच वायां गेला नसता. काम जूनमध्यें गेलें असतें, आणि त्या भागांत पावसाळ्यांत जमिनींतील पाणी फार वर येतें. आर्किमिडीजचा सिद्धांत तुम्हांस ठाऊक आहेच. रिकामा हौद हा जमिनींत रुतलेल्या होडीसारखा असतो. जमिनींतील पाणी त्याच्या तळाच्या वर एक मीटर चढलें, तर ३२ चौरस मीटर तळावर ३२ टनांचा रेटा खालून बसतो. तळ व भिंती १५ सेंटिमीटर जाडीच्या धरल्या, तर काँक्रीटचें वजन २४ टनांच्या आसपास भरतें. मग हौद तळासह उचलला जाऊन फुटण्याचें भय असतें. भरलेल्या हौदास हें भय नाहीं. त्याचें पाणीच त्यास दाबून धरतें. म्हणून जाणत्या माणसाच्या सल्ल्यावांचून, विशेषतः पावसाळ्यांत, हौद कधींही रिकामा करूं नये.

आणखी एक सूचना मुलांकरितां. पंप चालू असतां तळाच्या निचऱ्याच्या तोंडाजवळ जाऊं नये. तेथील ओढ केंस किंवा हात धरून ठेवूं शकते. आणि या सर्व परीक्षा वडील माणसांबरोबरच कराव्या.

आपल्यापैकीं फारच थोड्यांच्या घरीं पोहण्याचा हौद असेल. पण पाण्याची टाकी बहुतेक घरीं असते. रात्रीं सर्व नळ व टाकींत येणारें पाणी बंद करून टाकीच्या पातळीची खूण करावी, व सकाळीं पाहावी. झांकलेल्या टाकींत वाफ जवळजवळ नसते. तेव्हां जें उतरलें तें गळलें. बाहेरून भिंतीवर पांढरे ओघळ दिसले तर तेथेंही लक्ष द्यावें. झिरपणारें पाणी सिमेंटांतील चुना बरोबर आणतें व तो तेथें वाळून राहतो.

परत निघालों त्या दिवशीं गवंडी मुलीस म्हणाला, "ताई, तुमच्या वहींत बादलीची रीत लिहिली आहे, ती मला उतरून द्या." तिनें ती सुवाच्य अक्षरांत लिहून दिली. त्या गृहस्थाचा वर्षांचा अनुभव खोटा नव्हता. फक्त जें डोळ्यांस दिसलें तेंच कारण, असें त्यानें क्षणभर धरलें होतें. ही चूक आपण सर्वच करतों. दिसणारी भेग आणि गळणारी भेग एकच असेल असें नाहीं. म्हणून दोष ठेवण्यापूर्वीं मोजावें, आणि हातोडा उचलण्यापूर्वीं दोनदां मोजावें.

अभ्यासार्थ प्रश्न

१. एका घरची टाकी २ मीटर लांब व दीड मीटर रुंद आहे. सर्व नळ बंद असतां ती रात्रभरांत ४ मिलिमीटर उतरली. किती लिटर पाणी गळलें?

२. हौदाची घट पंप चालू असतां १२ मिलिमीटर, पंप बंद असतां २० मिलिमीटर, व बादलीची दोन्ही वेळां ६ मिलिमीटर आहे. संशय कोठें घ्यावा, व कां?

३. वरील हौदांत दिव्याऐवजीं तळाची भेगच गळकी असती, तर बारा दिवसांचे आंकडे कसे निराळे आले असते, तें विचार करून लिहा.