प्रतिपक्षाचें पत्र

पुष्कळ घरांत एकच वर्तमानपत्र येतें. तेंही बहुधा घरांतील वडील माणसांच्या मतास रुचेल असें. आतां तर हातांतील मोबाईलही आपल्या आवडीचाच मजकूर पुनः पुनः पुढें करतो. आपणांस पटेल तेवढेंच ऐकत राहिल्यानें मन तृप्त होतें, परंतु शहाणें होत नाहीं. म्हणून आपल्या मताविरुद्ध बोलणारें, तरीही विश्वासास पात्र असें पत्र कसें ओळखावें, याचा येथें विचार करूं.

हा धडा घेण्यास वऱ्हाडाबाहेरून आरंभ करावयास नको. गोपाळ गणेश आगरकर अकोल्यास शिकून १८७५ सालीं मॅट्रिक झाले, आणि विद्यार्थिदशेंतच तेथील 'वऱ्हाड समाचार' पत्रांत लिहूं लागले. १८८१ सालीं पुण्यास 'केसरी' निघाला तेव्हां ते त्याचे पहिले संपादक झाले. टिळक त्यांचे जिवलग स्नेही. कोल्हापूर प्रकरणीं दोघांनीं १८८२ सालीं १०१ दिवसांचा कारावासही एकत्र भोगला. परंतु समाजसुधारणेविषयीं दोघांचीं मतें जुळेनात. आगरकरांनीं १८८७ सालीं 'केसरी' सोडला व १८८८ सालीं 'सुधारक' काढला.

पुढें १८९१ सालीं मुलींचें संमतिवय १० वर्षांवरून १२ वर्षांवर नेणारा कायदा झाला. परक्या सरकारनें कायद्यानें आमच्या चालीरीतींत हात घालूं नये, सुधारणा लोकशिक्षणानें व्हावी, असें 'केसरी'चें म्हणणें. ज्या रूढीनें मुलींचें अहित होतें ती मोडण्यास कायदा हवाच, असें 'सुधारका'चें. केवळ 'केसरी' वाचणारास मुलींचें दुःख पुरतें दिसलें नसतें. केवळ 'सुधारक' वाचणारास पारतंत्र्याचें शल्य पुरतें कळलें नसतें. दोन्ही वाचणारास मात्र आपलें मत पारखून घेतां आलें असतें.

तथापि विरुद्ध लिहिणारा प्रत्येक जण विश्वसनीय असतो असें नाहीं. आम्ही चार कसोट्या सुचवितों. बातमी कोणीं, कोठून व केव्हां दिली हें पत्र सांगतें काय? बातमी आणि मत हीं वेगळीं ठेवतें काय? चूक झाल्यास ती उघड कबूल करतें काय? आणि विरोधकाचें म्हणणें, विरोधकासही मान्य होईल अशा शब्दांत मांडतें काय? याच कसोट्या आपल्या आवडत्या पत्रासही लावाव्या. तेथेंच खरी परीक्षा आहे.

हा विषय केवळ पांडित्याचा नव्हे. त्रिपुरांतील घटनांच्या निषेधार्थ नोव्हेंबर २०२१ मध्यें अमरावतींत मोर्चा निघाला, दुसऱ्या दिवशीं बंद पुकारला गेला, दगडफेक व जाळपोळ झाली आणि शहरांत संचारबंदी लागली. मे २०२३ मध्यें अकोल्यांत समाजमाध्यमांवरील एका मजकुरावरून दंगल उसळली. तींत एकाचा प्राण गेला. अशा वेळीं संतापजनक मजकूर पुढें धाडण्यापूर्वीं, दुसऱ्या बाजूचें प्रामाणिक पत्र काय सांगतें हें पाहण्यास कितीसा वेळ लागतो?

पालकांस आमची विनंति आहे कीं, आठवड्यांतून एकदां तरी एकाच घटनेची बातमी दोन भिन्न मतांच्या पत्रांतून मुलांकडून मोठ्यानें वाचून घ्यावी, आणि दोहोंत काय सारखें व काय वेगळें तें त्यांनाच सांगूं द्यावें. प्रतिपक्षाचें ऐकल्यानें आपला पक्ष सोडावा लागतोच असें नाहीं. आगरकर १८९५ सालीं वारले, तेव्हां 'केसरी'त त्यांचा मृत्युलेख लिहिला तो टिळकांनींच. मतभेद शेवटपर्यंत राहिला. प्रतिपक्षाची योग्यता ओळखण्याची दृष्टि मात्र त्यानें हिरावली नाहीं. तीच दृष्टि आमच्या विद्यार्थ्यांस लाभो.