सहलीसाठी आवर्ती ठेव

समजा, केरळमधील पेरियार राष्ट्रीय उद्यानात जलाशयाजवळ तंबूत राहायचे, असे तुम्ही चौघांनी ठरवले आहे. १८९५ मध्ये मुल्लपेरियार धरण पूर्ण झाले आणि हा जलाशय तयार झाला. तेव्हा बुडालेल्या झाडांचे खुंट आजही पाण्यावर दिसतात. जागा पाहण्याजोगी आहे, पण घरापासून लांब. म्हणून वर्षभर आधी तयारीला लागा.

प्रथम खर्च कागदावर मांडा. तंबू मात्र विकत घेऊ नका. हे व्याघ्र प्रकल्पाचे जंगल आहे. आपला तंबू घेऊन हवे तिथे उतरता येत नाही. जंगलातला मुक्काम वन विभागाच्या कार्यक्रमातून, त्यांच्या वाटाड्यांबरोबरच होतो. त्याचे शुल्क माणशी असते, तेव्हा चौपट करून लिहा. शिवाय रेल्वेभाडे, कोट्टायम स्थानकापासून शंभरावर किलोमीटरचा बसप्रवास, कुमळी गावातला मुक्काम, जेवणखाण, बोटीचे तिकीट. बेरीज २४,००० रुपये आली असे धरू.

बँकेत दरमहा २,००० रुपयांची, १२ महिन्यांची आवर्ती ठेव उघडा. व्याज ६.५ टक्के धरले तर मुदतीअखेर सुमारे ८५० रुपये वर मिळतात. दर बँकेगणिक वेगळा असतो, विचारून घ्या. टपाल कार्यालयातील आवर्ती ठेव योजना चांगली, पण या कामाची नव्हे. ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही.

मुदत कधी संपावी? पुष्कळ जण सहलीचाच महिना धरतात आणि तिथेच अडचण होते. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. जानेवारीच्या मध्यावर निघायचे तर नोव्हेंबरच्या मध्याला पैसे हातात हवेत. म्हणून ठेव आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा. नाहीतर ठेव मुदतीआधी मोडावी लागते आणि व्याज कमी मिळते. किंवा आजारपणासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना हात लागतो, ते तर अधिकच वाईट.

पगार जमा होतो त्याच्या दुसऱ्या दिवशी हप्ता आपोआप वळता होईल, अशी सूचना बँकेला लिहून द्या.

मुक्कामाची नोंदणी वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. ‘नोंदणी रद्द झाली, पैसे परत घेण्यासाठी पिन टाका’ असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे मिळवायला पिन लागत नाही. पैसे गेलेच, तर त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेत कळवा.