आधी बोटं बसू दे गं

सहावी, सातवी, आठवी, तिन्ही वर्गांचा कॉम्प्युटर तुझ्याकडे आला म्हणून तू घाबरलीस, ते फोनवर तुझ्या आवाजावरूनच कळलं मला. अगं, जी बाई पोट्ट्यांना अपूर्णांक समजावते, तिला कीबोर्ड कसला अवघड? तुला सगळं यायला हवं असं कुणी सांगितलं? या वयात पोरांना जे लागतं ते थोडकं आहे. तेवढं नीट बसलं की नववीनंतर ती आपली आपण पुढे जातात.

खरं सांगू का, तुझी खरी अडचण कॉम्प्युटर नाहीच. मशिनी मोजक्या आणि वर्गात पोरं चाळीस, ही आहे. त्यातून मोहगावला लाईन कधी जाईल त्याचा नेम नाही. म्हणून मशीन सुरू नसतानाही चालेल असा तास आधी तयार ठेव. जाड पुठ्ठे घे, वह्यांच्या दुकानात मागितले तर मिळतात. त्यावर पोरांकडूनच कीबोर्ड काढून घे, पण अंदाजे नाही, मापात. एका बटणाच्या मधापासून शेजारच्या बटणाच्या मधापर्यंत साधारण 19 मिलिमीटर, आणि प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा किंचित उजवीकडे सरकलेली. पट्टी-पेन्सिल घेऊन पोरं हे काढतात ना, तेव्हा कोणतं अक्षर कुठे हे निम्मं तिथेच पाठ होतं. ज्यांचा नंबर मशीनवर नाही ती पुठ्ठ्यावर बोटं चालवतील. वर्ग शांत राहतो आणि तुझा घसाही वाचतो.

मशीनवर एकेका बाकाला दोघं बसव. एक टाइप करेल, दुसरा फक्त एवढंच बघेल की याची नजर खाली बटणांवर जाते का. पाच-सात मिनिटांनी अदलाबदल. आणि हे मात्र तुला दटावून सांगते: जोड्या तू लावायच्या. पोरांवर सोडलंस तर माऊस मुलाच्या हातात जातो आणि मुलगी मागे उभी राहून बघत बसते. वर्ष संपलं तरी तिची बोटं कोरीच राहतात. मुलींची नावं आधी घे, रोज घे. कुणी कुरकुर केली तर करू दे.

आता बोटांचं बघ. डाव्या हाताची करंगळी ए वर, मग एस, डी आणि तर्जनी एफ वर. उजव्या हाताची तर्जनी जे वर, मग के, एल आणि करंगळी सेमिकोलनवर. अंगठे लांब बटणावर, स्पेसवर. एफ आणि जे या दोन बटणांवर बारीक उंचवटा असतो, तो पोरांना डोळे मिटून शोधायला लाव. पहिला तास नुसता एवढाच घेतलास तरी चालेल. डोळे मीट, हात मांडीवर, हात वर, उंचवटा सापडला? पुन्हा. त्यांना तो खेळ वाटतो, वाटू दे. भाकरी थापताना आपण कुठे पिठाकडे टक लावून बघतो, हाताला कळतं ना, तसंच हे हाताला कळायला लागतं. नजर खाली जाणारं एखादं पोरगं असतंच. त्याच्या हातांवर एक ओढणी किंवा पंचा टाक आणि पुढे चालू दे.

बसण्याकडेही लक्ष दे. आपल्याकडच्या खुर्च्या मोठ्यांच्या मापाच्या, सहावीच्या पोरांचे पाय लोंबकळतात, मग ती पुढे वाकतात आणि मनगटं टेबलाच्या काठावर दाबतात. पायाखाली लाकडी पाट ठेव, पाट नसला तर दोन विटा. मनगट सरळ, कोपर अंगाजवळ.

वेगाच्या मागे लागू नकोस. वेग मोजणारी सॉफ्टवेअरं पोरांना फार आवडतात, पण आकडा दिसला की ती चुका करत धावतात आणि दोन बोटांची सवय कायमची लागते. पहिलं अर्धं वर्ष फक्त चुका मोज. टक्स टायपिंग आणि जीकॉम्प्री ही दोन्ही फुकट मिळतात, इंटरनेट नसतानाही चालतात, आणि वरून अक्षरं पडण्याचे खेळ त्यात आहेत. तासाच्या शेवटी दहा मिनिटं ती लावून दे. आठवड्यातून एकदा लांबलचक तास घेण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं बरी, मुख्याध्यापकांकडे हट्ट धरून ती मागून घे. आठवीतून बाहेर पडताना पोरगं खाली न बघता मिनिटाला पंधरा-वीस शब्द लिहायला लागलं, तर माझ्या मते तू जिंकलीस.

भाषेचं काय करायचं, हे तू विचारलंस ना? आता नीट ऐक, कारण इथे आपल्या भागाची गोष्टच वेगळी आहे. 1956 ला नागपूरसकट विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपला छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. 2023 च्या ऑक्टोबरात छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला, आपलं सौंसर त्यात आलं, तरी पोरांचं तेच आहे: घरी मराठी, शाळेच्या पुस्तकात हिंदी, कॉम्प्युटरवर इंग्रजी. तीन-तीन गोष्टी कशा शिकवू म्हणून तू डोकं धरून बसलीस. पण बघ, हात दोनच गोष्टी शिकतात. इंग्रजी एक आणि देवनागरी एक. देवनागरी एकदा बोटात बसली की हिंदीही तीच आणि मराठीही तीच.

त्यासाठी इनस्क्रिप्ट घे. हा कीबोर्डचा आराखडा सरकारी प्रमाण आहे, 1986 पासूनचा, आणि विंडोजमध्ये आधीच असतो. सेटिंगमध्ये जाऊन मराठी किंवा हिंदी कीबोर्ड जोडायचा, मग विंडोजचं बटण आणि स्पेस दाबलं की इंग्रजीतून देवनागरीत जाता येतं. याची रचना इतकी समजूतदार आहे की वर्णमाला येणाऱ्या पोराला ती पटकन कळते. मात्रा आणि स्वर डाव्या हाताखाली, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताखाली. के च्या बटणावर क, तेच शिफ्ट धरून दाबलं की ख. त आणि थ एका बटणावर, प आणि फ एका बटणावर, ग आणि घ एका बटणावर. मात्रेचं बटण शिफ्ट धरून दाबलं की पूर्ण स्वर येतो. आणि ऱ्हस्व वेलांटी हाताने लिहिताना आपण अक्षराच्या आधी काढतो, इथे ती बोलण्याच्या क्रमाने, अक्षरानंतर. हे मात्र पोरांना दोनदा सांगावं लागतं.

गावाचंच नाव पहिलं घे. सी म्हणजे म, ए म्हणजे ओकाराची मात्रा, यू म्हणजे ह, आय म्हणजे ग, ई म्हणजे काना, बी म्हणजे व. सहा बटणांत मोहगाव. शिफ्ट कुठेच नाही, जोडाक्षर नाही. पडद्यावर आपल्या गावाचं नाव उमटलं की पोरं कशी चेकाळतात ते तू बघशीलच. नंतर संत्रा घे, त्यात हलन्ताचं बटण येतं, ते डी वर. मग पोळा. इथे थांब आणि त्यांना एन चं बटण शिफ्ट धरून दाबायला सांग, ळ येतो. शिफ्ट धरून जे दाबलं की शेतकऱ्याचा ऱ येतो. हिंदीच्या धड्यांत या दोन अक्षरांचं काम पडत नाही, म्हणून कुणी ती शिकवत नाही. मग आपली पोरं पोला लिहून मोकळी होतात. मशीन हिंदीवर असलं तरी ळ तिथेच असतो गं, त्यांना फक्त कुणीतरी दाखवायला हवा.

क्रुतीदेव फॉन्टचा मोह कुणी घातला तर ऐकू नकोस. टायपिंग क्लासवाले अजून त्यावरच शिकवतात, जुन्या रेमिंग्टन टाइपरायटरच्या सवयीने. पण क्रुतीदेवमध्ये पडद्यावर क दिसतो तेव्हा आत मशीनला इंग्रजी डी च माहीत असतो. तो फॉन्ट नसलेल्या मोबाइलवर मजकूर पाठवला की सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. नव्याने शिकणाऱ्या पोराला ते ओझं कशाला? सुरुवात मात्र इंग्रजीनेच कर, सहावीत. फाइलचं नाव, पासवर्ड, वेबसाइट सगळं त्यात लागतं. सातवीच्या दिवाळीनंतर इनस्क्रिप्ट. दोन्ही एकदम सुरू करू नकोस, बोटं गोंधळतात.

आता मजकूर. पुस्तकातला उतारा टाइप करून घेऊ नकोस, पोरं कंटाळतात. त्यांच्याकडे लिहायला आहे ना! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगावची दगडांची गोटमार होते, त्यावर पाच ओळी लिहायला दे. गावातल्या अर्धनारीश्वराच्या देवळावर पाहुण्याला सांगावं तसं एक पान लिहू दे. आणि एक्सेल शिकवायची असेल तर कापसाची वेचणी घे. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात किती किलो वेचला, तिसऱ्यात किलोचा दर, चौथ्यात गुणाकार. इक्वलचं चिन्ह, एक खाना, तारांकन, दुसरा खाना, एंटर. पहिल्या ओळीत बरोबर आलं की तो खाना कोपऱ्याला धरून खाली ओढायचा, सगळ्या ओळींत आपोआप हिशेब येतो. खाली एकूण बेरीज. मग म्हण, आता दर एका रुपयाने वाढला असं धरा. पोरं एकेका ओळीत दर बदलायला लागतील. त्यांना थांबव, दर वर एकाच खान्यात लिहायला सांग आणि सूत्रात त्या खान्याच्या नावात डॉलरचं चिन्ह घालायला शिकव. मग एक आकडा बदलला की खालचा सगळा हिशेब बदलतो. तुला गणित येतं म्हणून म्हणते, या तासाला तू कुठल्याही कॉम्प्युटरच्या मास्तरापेक्षा सरस ठरशील.

पोरं मशीन बिघडेल म्हणून घाबरतात, विशेषतः ज्यांच्या घरी नाही ती. त्यांना पहिल्याच आठवड्यात कंट्रोल आणि झेड शिकव, केलेलं उलटवणारं. मुद्दाम सगळं पुसायला लाव आणि परत आणायला लाव. कंट्रोल आणि एस तर दर ओळीनंतर, आपल्याकडे लाईनचा भरवसा नाही म्हणून. फाइलला नाव आणि वर्ग घालूनच ठेवायचं, नाहीतर सगळ्यांच्याच फाइलींवर एकच नाव आणि तू शोधत बसशील. पासवर्ड जिवलग मैत्रिणीलाही सांगायचा नाही, आणि घरच्या फोनवर आलेला ओटीपी कुणालाच वाचून दाखवायचा नाही. हे शेवटचं घरी जाऊन आई-बाबांनाही सांगायला लाव.

पालक विचारतील, याने काय होणार? त्यांना सरळ सांग. मध्य प्रदेशात सरकारी कारकुनीच्या भरतीला सीपीसीटी ही कॉम्प्युटरची परीक्षा लागते, त्यात इंग्रजीचा वेग मिनिटाला 30 शब्द आणि हिंदीचा 20, आणि हिंदी इनस्क्रिप्टवर देता येते. आपली कितीतरी पोरं कामाला नागपूरला जातात, तिथे एमएससीआयटी आणि टायपिंगचं सरकारी प्रमाणपत्र विचारतात. बारावीला मध्य प्रदेश बोर्डात 75 टक्के किंवा त्याहून जास्त मिळवणाऱ्यांना सरकार लॅपटॉपसाठी 25,000 रुपये देतं. तो लॅपटॉप हातात येईल तेव्हा बोटं तयार असली तर पोरगी त्या दिवशीच कामाला लागेल.

आणि हो, लॅबची किल्ली कपाटात जाऊ देऊ नकोस. मशिनी खराब होतील म्हणून कुलूप लावून ठेवायची फार हौस असते लोकांना. किल्ली तू मागून घे, सही करून घे, आणि मधल्या सुट्टीत रोज दोन जबाबदार पोरींना आत बसू दे. धूळ पुसायला एक सुती कापड आणि एक मऊ ब्रश ठेव. सोमवारी पुठ्ठ्यांपासून सुरुवात कर, मशीन नंतर. बुधवारी फोन कर मला, रात्री जेवणं झाली की, कोण कुठे अडलं ते सांग.