इंजिन बदलल्यावर दात्यांचे गणित
जुन्या विलीस जीपमध्ये डिझेल इंजिन बसविल्यास डिफरन्शियलचे प्रमाण कोणते घ्यावे, हे आपण त्रैराशिकाने पाहू. युद्धकालीन जीपच्या क्राऊनला ३९ व पिनियनला ८ दाते असत, म्हणजे प्रमाण ४.८८, नंतरच्या नागरी जीपला ४३ व ८, म्हणजे ५.३८.

टायरचा परीघ २.२ मीटर धरल्यास ऐरोलीच्या ठाणे-बेलापूर रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगास चाक मिनिटाला सुमारे ४५५ फेरे घेते. टॉप गिअरमध्ये इंजिनाचे फेरे अनुक्रमे सुमारे २,२१५ व २,४४५ होतात. मंदगती डिझेल इंजिनास सपाटीवर पहिले प्रमाण हितकर. घाटात ओझे ओढण्यास दुसरे.

मात्र दोन्ही आसांचे प्रमाण सारखेच असावे. अन्यथा चारही चाकांना गती देताच ओढाताण होऊन दाते तुटण्याचा संभव असतो. म्हणून पाना उचलण्यापूर्वी पाटी-पेन्सिल उचलावी, हेच बरे.