शिक्का सरकारचा, गिऱ्हाईक परवानेवाल्याचे

रेशीम खरे की खोटे हे आम्ही कापडवाले धागा जाळून ओळखतो. जळलेल्या केसासारखा वास आला आणि राख बोटात चुरडली गेली की माल खरा. पण गिऱ्हाइकासमोर साडीचा पदर जाळून दाखविता येत नाही, त्याला शिक्क्यावरच भरवसा ठेवावा लागतो. म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ साली ‘सिल्क मार्क’ निघाला आणि तो लावण्याचा हक्क रीतसर अधिकार घेतलेल्या व्यापाऱ्यांनाच मिळाला.

घराच्या बाबतीत हे काम याहून अवघड आहे. भिंतीतून, खिडकीच्या फटीतून किती ऊब बाहेर जाते हे डोळ्यांना दिसत नाही. कॅनडात हिवाळ्यात अनेक ठिकाणी पारा शून्याखाली वीस अंशांवर जातो. तेथे घर तापविण्याचा खर्च मोठा. घराला ऊर्जा किती लागते हे मोजून त्याला दर्जा देण्याची जी सरकारी व्यवस्था तेथे आहे, ती परवाना किंवा एजन्सी घेऊन धंदा करणाऱ्या आपल्या बंधूंनी समजून घ्यावी असे आम्हाला वाटते.

या व्यवस्थेचे नाव एनरगाईड. १९७८ पासून हे नाव तेथे घरगुती उपकरणांच्या पट्टीवर छापले जात होते. आपल्याकडे फ्रीजवर तारे असतात, तशातलाच प्रकार. १९९८ साली तेच नाव घरांच्या तपासणीला दिले गेले. नावाचा मालक नॅचरल रिसोर्सेस कॅनडा हे तेथील केंद्र सरकारचे खाते. मात्र खात्याने आपले नोकर घरोघर पाठविले नाहीत. त्याने संस्थांशी परवान्याचे करार केले. यात खाजगी कंपन्या आल्या आणि पर्यावरणाचे काम करणाऱ्या स्थानिक संस्थाही आल्या.

वाटणी अशी. नाव, शिक्का, मोजणीची पद्धत, ‘हॉट २०००’ ही संगणक प्रणाली आणि तपासनिसांची परीक्षा ही खात्याच्या ताब्यात. गिऱ्हाईक शोधणे, जाहिरात करणे, तपासनीस नेमणे आणि त्यांचे काम पुन्हा तपासून पाहणे हे परवानेवाल्या संस्थेकडे. तपासनिसाला स्वतंत्रपणे शिक्का वापरता येत नाही, त्याची नोंदणी अशा संस्थेमार्फतच होते. तपासणीची फी घरमालक देतो, आणि ती संस्था आपापली ठरविते. म्हणजे सरकारने धंदा दिला नाही, धंदा करण्याची मुभा दिली. हा फरक आपले कित्येक लोक विसरतात आणि परवान्याचा कागद चौकटीत लावून गिऱ्हाइकाची वाट पाहत बसतात.

तपासनीस घरात येतो, भिंती, छत, खिडक्या, भट्टी पाहून मापे घेतो. मग बाहेरच्या दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढतो. जेथे फट असेल तेथून थंड हवा आत येते आणि हाताला लागते. लोकांना पटते ते येथे. आकडा नंतर येतो. पूर्वी शून्य ते शंभर असे गुण होते. आता वर्षाला किती गिगाज्यूल ऊर्जा लागते ते लिहितात, जितका आकडा लहान तितके घर चांगले. सोबत काय सुधारावे याची यादी मिळते.

ही यादीच नाजूक गोष्ट आहे. छताला अस्तर घाला, खिडक्या बदला असे सांगणारा माणूसच खिडक्या विकणारा निघाला तर त्याच्या मोजणीवर कोण विश्वास ठेवील? तपासनिसाचे मोल तो तटस्थ असण्यात आहे. आम्हाला याचा कडू अनुभव आहे. एका घाऊक व्यापाऱ्याच्या ‘शुद्ध’ या शिक्क्यावर भिस्त ठेवून आम्ही धागा न जाळताच माल घेतला. भेसळ निघाली. शिक्का त्याचा होता, पण गिऱ्हाईक भांडायला आमच्या दुकानात आले, आणि दोन जुनी घराणी परत आलीच नाहीत. शिक्का मारणारा आणि माल विकणारा एकच होता, हे आम्ही तेव्हा पाहायला हवे होते.

दुसरी अडचण सरकारी मदतीची. २००३ पासून कॅनडा सरकार घर सुधारणाऱ्याला अनुदान देऊ लागले. अट एवढीच की कामाआधी आणि कामानंतर एनरगाईड तपासणी झालेली हवी. साहजिकच परवानेवाल्यांकडे गर्दी झाली. २००६ साली नवे सरकार आले आणि योजना बंद पडली. २००७ मध्ये दुसऱ्या नावाने सुरू झाली, २०१२ साली ती संपली. २०२१ च्या मे महिन्यात पुन्हा मोठी योजना आली: पाच हजार डॉलरपर्यंत अनुदान आणि तपासणीच्या खर्चापोटी सहाशे डॉलरपर्यंत. मागणी इतकी वाढली की तपासनीस अपुरे पडले, लोकांना खूप थांबावे लागले. २०२४ च्या सुरुवातीला नवे अर्ज घेणे बंद झाले.

या भरती-ओहोटीत परवाना तोच होता, शिक्काही तोच. गर्दी पाहून माणसे नेमायची आणि अनुदान थांबले की त्यांना काय काम द्यायचे हा प्रश्न, असे वीस वर्षांत तीनदा झाले. सणाच्या ऑर्डरवर माग वाढविणाऱ्या कारागिराला हे वेगळे सांगायला नको.

ज्यांनी नव्या घरांचे कामही धरून ठेवले त्यांना आधार राहिला. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१७ पासून ‘स्टेप कोड’ नावाचे बांधकामाचे नियम आले. त्यात नव्या घराची ऊर्जा मोजून आणि हवेची गळती तपासून दाखवावी लागते. म्हणजे अनुदान असो वा नसो, बांधणाऱ्याला तपासनिसाकडे जावेच लागते. कोणत्याही परवान्याच्या अर्जावर सही करण्यापूर्वी आम्ही आता हेच विचारतो, की उद्या सवलत उठली तर हा शिक्का कोणाला लागेल?