सभेत ऐकलेली गोष्ट

(मोठ्या कंपन्यांमध्ये आपल्याच कर्मचाऱ्यांसाठी सभा भरवतात. एका विभागातील शास्त्रज्ञ आपल्या कामाची माहिती सांगतो आणि दुसऱ्या विभागांतील माणसे ती ऐकतात. अशाच एका सभेची हकिकत या पाठात दिली आहे.)

पिवळ्या रंगाचा एक छोटा चौकोनी कागद तुम्ही पाहिला असेल. तो वहीच्या पानावर चिकटतो. ओढला की पान न फाडता निघून येतो आणि पुन्हा दुसरीकडे चिकटतो. हा साधा कागद बाजारात यायला बारा वर्षे लागली!

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात थ्रीएम नावाची कंपनी आहे. तेथे स्पेन्सर सिल्व्हर नावाचे रसायनशास्त्रज्ञ काम करत होते. १९६८ साली ते खूप घट्ट चिकटणारा डिंक शोधत होते. पण झाले उलटेच. त्यांच्या हाती एक अगदी हलका डिंक आला. त्यात अतिशय बारीक गोळ्या होत्या. गोळी सपाट कागदाला थोड्याच जागी टेकते. म्हणून हा डिंक चिकटे, पण सहज सुटे.

अशा डिंकाचा उपयोग काय? कोणालाच सांगता येईना. दुसरा एखादा असता, तर त्याने ते काम सोडून दिले असते. सिल्व्हर यांनी तसे केले नाही. ते कंपनीतील सभांमध्ये जात आणि आपल्या डिंकाची माहिती सांगत. असे त्यांनी काही वर्षे केले.

एका सभेला आर्ट फ्राय नावाचे कर्मचारी हजर होते. नवीन वस्तू तयार करणे हे त्यांचे काम होते. त्यांनी सिल्व्हर यांचे बोलणे लक्ष देऊन ऐकले. त्या वेळी त्यांनाही त्याचा उपयोग सुचला नाही. पण ऐकलेली गोष्ट मनात राहिली.

फ्राय चर्चमध्ये समूहगायन करत. गाण्यांच्या पुस्तकात खुणेसाठी ते कागदाचे तुकडे ठेवत. पुस्तक उघडले की तुकडे खाली पडत आणि नेमके पान सापडत नसे. १९७४ साली एकदा असेच झाले आणि त्यांना सभेतला तो डिंक आठवला. खुणेच्या कागदाला तोच लावला तर?

या कंपनीत तांत्रिक कर्मचाऱ्यांना सुमारे १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांसाठी वापरण्याची मुभा होती. तो वेळ फ्राय यांच्या कामी आला. प्रथम डिंक पुस्तकाच्या पानालाच लागून राही. तेव्हा दुसऱ्या सहकाऱ्यांनी कागदाला लावायचा एक खास थर शोधला. मग डिंक कागदावरच टिकू लागला.

एक दिवस फ्राय यांनी अशा कागदावर प्रश्न लिहून तो एका अहवालावर चिकटवला. त्यांच्या वरिष्ठांनी त्याच कागदावर उत्तर लिहून परत पाठवले. हा कागद केवळ खुणेचा नाही, निरोपाचाही आहे, हे फ्राय यांच्या लक्षात आले.

१९७७ साली चार शहरांत हे कागद विकायला ठेवले. पण फारसे खपले नाहीत. लोकांना त्यांचा उपयोग ठाऊकच नव्हता. पुढच्या वर्षी बॉइसी या शहरात नमुने फुकट वाटले. वापरून पाहणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोकांनी, आम्ही हे विकत घेऊ, असे सांगितले. १९८० साली हे कागद सर्व अमेरिकेत मिळू लागले.

मुलांनो, सिल्व्हर बोलत राहिले नसते, तर हा डिंक कपाटात पडून राहिला असता. आणि फ्राय यांनी मन लावून ऐकले नसते, तर ते बोलणे वाया गेले असते. सांगणारा आणि ऐकणारा, दोघेही तितकेच महत्त्वाचे आहेत.

शब्दार्थ
हकिकत – घडलेली गोष्ट
मुभा – परवानगी
वरिष्ठ – वरच्या जागेवरील अधिकारी
अहवाल – कामाची लेखी माहिती

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सिल्व्हर कोणत्या प्रकारचा डिंक शोधत होते?
(आ) फ्राय यांना सभेतला डिंक केव्हा आठवला?
२. कारण लिहा : १९७७ साली हे कागद फारसे खपले नाहीत.
३. कागद, बाजार, नमुना, हजर हे शब्द उर्दूतही आहेत. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.