दुसरा स्पर्श

आजचा शास्त्रभाग: मार्क ८:२२-३४

आजच्या भागात दोन प्रसंग आहेत. ते सलग वाचा, कारण पहिल्यामुळे दुसरा नीट कळतो.

बेथसैदात लोक एका आंधळ्याला येशूकडे आणतात. येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, डोळ्यांना थुंकी लावतो, त्याच्यावर हात ठेवतो आणि काही दिसतं का, असं विचारतो. त्याला माणसं दिसतात, पण चालत्या झाडांसारखी! येशू पुन्हा डोळ्यांवर हात ठेवतो, तेव्हा सगळं स्पष्ट दिसू लागतं. असं दोन टप्प्यांत बरं होणं फक्त मार्कच्या शुभवर्तमानात आहे. मग पहिल्या वेळी प्रभूचं सामर्थ्य कमी पडलं का? नाही. पुढे वाचा.

आता येशू शिष्यांना घेऊन फिलिप्पाच्या कैसरियाकडे निघतो. हर्मोन डोंगराच्या पायथ्याशी, यार्देन नदीच्या उगमाजवळचा हा परिसर. तिथे पान या ग्रीक दैवताचं गुहेतलं देवस्थान होतं, हेरोद राजाने कैसर औगुस्तासाठी बांधलेलं मंदिर होतं, आणि शहराचं नावच कैसरावरून होतं. अशा ठिकाणी जाताना येशू विचारतो, की लोक आपल्याला कोण समजतात? कुणी बाप्तिस्मा करणारा योहान म्हणतं, कुणी एलीया, कुणी संदेष्टा. मग तो शिष्यांनाच विचारतो, की तुमचं काय? पेत्र सांगतो, की तू ख्रिस्त आहेस.

उत्तर अगदी बरोबर! ख्रिस्त म्हणजे अभिषिक्त, इब्री भाषेत मशीहा. रोमी सत्तेखालचे कितीतरी यहूदी अशा राजाची वाट पाहत होते. पण येशू लगेच दुःखसहनाबद्दल, आपल्या मरणाबद्दल आणि पुन्हा उठण्याबद्दल बोलू लागतो. आणि पेत्र चक्क त्यालाच बाजूला घेऊन दटावतो! त्याला ख्रिस्त दिसला होता, पण धूसर. त्यालाही दुसऱ्या स्पर्शाची गरज होती.

आपलंही असंच होतं ना? रविवारी आपण येशूला प्रभू म्हणतो, आणि ते खरंच असतं. पण तीन महिने प्रार्थना करूनही ऑफर लेटर येत नाही, घरातलं आजारपण हटत नाही, तेव्हा मनात येतं, "प्रभू, हे असं व्हायला नको होतं." म्हणजे तो प्रभू, पण प्लॅन आपला! दुःख देवाला सांगणं चुकीचं नाही, स्तोत्रांत ते पानोपानी आहे. पण विश्वास म्हणजे आपल्या मनातल्या ख्रिस्ताला नव्हे, तर वधस्तंभाकडे चालत गेलेल्या आणि मरणातून उठलेल्या येशूला धरून राहणं.

येशू पेत्राला कडक शब्दांत मागे व्हायला सांगतो. पण त्याला हाकलून देत नाही. मूळ ग्रीकमध्ये इथे जे 'माझ्या मागे' असे शब्द आहेत, तेच पुढच्या वचनात शिष्यत्वाबद्दल येतात, आणि पहिल्या अध्यायात पेत्राला जाळ्यांपासून बोलावतानाही तेच होते. शिष्याची जागा गुरूच्या मागे. पेत्र पुढे जाऊन वाट दाखवायला लागला होता. येशूने त्याला परत त्याच्या जागी आणलं.

आज स्वतःला विचारा: कोणत्या एका गोष्टीत मी येशूच्या पुढे चालतोय?

प्रार्थना: प्रभू येशू, तू मला दिसतोस, पण अजून स्पष्ट नाही. माझ्या डोळ्यांवर पुन्हा हात ठेव. जिथे मला तुझी वाट कळत नाही, तिथेही मला तुझ्या मागे चालव. आमेन.